पाण्याची मोटार आणि चाळीस पानी वही

मे महिन्यातला सोमवार. पहाटेचे साडेपाच वाजले होते. आमच्या दारावर थाप पडली. दार उघडले तर चौथ्या मजल्यावरच्या आजी रिकामी कळशी घेऊन उभ्या. म्हणाल्या, "खजिनदार, नळाला थेंब नाही रे बाबा. मोटार लागली नाही का आज?"

आम्ही तसेच खाली गेलो. मोटारीच्या खोलीत जळका वास भरला होता. वॉचमनकाकांनी नेहमीप्रमाणे पाच वाजता बटण दाबले होते. मोटार फिरली नाही, नुसती घुमत राहिली. काका तोवर दूधवाल्यासाठी गेट उघडायला गेले होते. पाच-सात मिनिटांत वाइंडिंग जळाले आणि चाळीस बिऱ्हाडांचे पाणी बंद झाले.

खालच्या टाकीत पाणी होते, पण ते वर चढवणार कोण? आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची. लिफ्ट नाही. तीन दिवस बादलीला दोर बांधून पाणी काढले आणि हंडे-कळशा डोक्यावर घेऊन बहात्तर पायऱ्या चढवल्या. चढवणाऱ्या बहुतेक आमच्या माता-भगिनीच. धुण्याभांड्याच्या कामाला जाणाऱ्या दोघींचे खाडे पडले आणि त्यांचा पगार कापला गेला. आजींचा गुडघा सुजला. मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या हिशेबात आला. हा दुसरा खर्च कुठल्याच हिशेबात आला नाही.

रिवाइंडिंगवाल्याने मोटार खोलून आम्हाला दाखवली. ज्या बारीक सीलमुळे पंपातले पाणी मोटारीकडे जात नाही, ते झिजले होते. त्यातून गळणारे पाणी बेअरिंगमध्ये शिरले, बेअरिंग गंजले आणि शेवटी जाम झाले. स्टार्टरमध्ये जास्त भार आल्यावर मोटार आपोआप बंद करणारा ओव्हरलोड रिले असतो. तो वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी तारा थेट जोडून ठेवल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ही काल बिघडलेली नाही. चार-पाच महिने गळत असणार. तेव्हा सील बदलले असते तर काही शेकड्यांत भागले असते."

वॉचमनकाकांना विचारले. ते म्हणाले, "हो, थेंब थेंब गळत होती. टाकी भरायलाही हल्ली दीड तास लागायचा. पण पाणी येत होते ना, मग कोणाला सांगू?"

त्यांची चूक नव्हती. सांगायचे कोणाला आणि लिहायचे कुठे, हे आम्हीच ठरवले नव्हते. आम्ही पेशाने कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. पाना-पकडीशी आमचा संबंध नाही. पण नोंद नसलेले खाते बुडते, एवढे आम्हाला कळते. त्या दिवसापासून मोटारीच्या खोलीत एक चाळीस पानी वही टांगली. गेल्या काही वर्षांत त्या वहीने जे शिकवले ते वाचक बंधू-भगिनींच्या कामी यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आपली मोटार ओळखा

आपल्या वसाहतींत आणि सोसायट्यांत साधारण दोन प्रकारच्या मोटारी असतात. पहिली खालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी. दुसरी खड्ड्यातली, म्हणजे पावसाळ्यात तळमजल्यावर, मीटरच्या खोलीत किंवा लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी उपसून बाहेर टाकणारी. पहिली रोज चालते म्हणून तिची झीज होते. दुसरी वर्षाचे आठ महिने पडून असते म्हणून ऐन वेळी दगा देते. दोघींची काळजी वेगवेगळी.

पाणी चढवणारी मोटार टाकीच्या बाहेर बसवलेली असेल तर तिच्यातून एक पाइप खाली टाकीत जातो. या पाइपच्या तोंडाशी फुटवॉल असतो. तो पाणी वर येऊ देतो, पण परत खाली जाऊ देत नाही. त्यामुळे मोटार बंद असतानाही पाइप पाण्याने भरलेला राहतो. पाइपात हवा शिरली की पंप नुसता फिरतो आणि पाणी ओढत नाही. फुटवॉलच्या झडपेत कचरा अडकला, जोडातून हवा ओढली गेली किंवा टाकीतले पाणी फुटवॉलच्या खाली गेले की हेच होते.

पंपाच्या सीलला थंडावा पंपातलेच पाणी देते. कोरडी मोटार चालली की सील तापून खराब होते. म्हणून "पाणी नाही आले तरी राहू दे चालू, येईल थोड्या वेळाने" ही सवय सर्वांत महागात पडते. बटण दाबल्यावर दोन मिनिटांत वरच्या टाकीत धार पडली नाही तर मोटार बंद करावी आणि कारण शोधावे.

दुसऱ्या प्रकारच्या मोटारी पाण्यात बुडून चालतात. त्यांना सबमर्सिबल म्हणतात. त्यांना पाणी भरून घ्यावे लागत नाही आणि त्यांचा आवाजही कमी. मात्र बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तिथे वहीचाच आधार.

वहीत काय लिहावे?

फार काही नाही. पाच रकाने पुरेत : तारीख, मोटार चालू केल्याची वेळ, टाकी भरून बंद केल्याची वेळ, मोटार चालली ती मिनिटे आणि शेरा. शेऱ्यात गळती, आवाज, वास, बटण ट्रिप होणे, जे दिसेल ते साध्या शब्दांत. वॉचमनला लिहिता येत नसेल तर येता-जाता कोणीही लिहावे. आमच्याकडे आजींची बारावीतली नात लिहिते आणि महिनाअखेर बेरीज करून देते.

यातला चौथा रकाना सर्वांत मोलाचा. आमची गच्चीवरची टाकी १२,००० लिटरची. मोटार नवी होती तेव्हा ती ६० मिनिटांत भरत असे. म्हणजे मिनिटाला २०० लिटर. हीच टाकी ७५ मिनिटांत भरू लागली तर काहीतरी झिजले आहे किंवा अडकले आहे. ९५ मिनिटे लागू लागली तर मिस्त्रीला आजच बोलवावे, उद्या नव्हे.

आता पैशाचा हिशेब पाहा. आमची मोटार ३ हॉर्सपॉवरची. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. चालताना ती तासाला ढोबळमानाने अडीच युनिट वीज खाते. टाकी दिवसातून दोनदा भरायची. दर खेपेस ३५ मिनिटे जादा, म्हणजे दिवसाला ७० मिनिटे आणि महिन्याला ३५ तास. विजेचे सुमारे ८७ युनिट फुकट गेले. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला ७०० रुपये आणि वर्षाला ८,४०० रुपये. पंप झिजल्यावर वीज थोडी कमीही खातो, म्हणून यातले शे-दोनशे सोडून द्या. तरी "पाणी येतेय ना, चालू द्या" याची ही किंमत आहे, आणि ती आपणच बिलातून भरतो.

मोटार काय सांगते?

मिस्त्री येण्याआधी आपल्याला निदान रोगाचा अंदाज असावा. त्यामुळे फसवणूक टळते. आमच्या अनुभवातली लक्षणे अशी :

१. मोटार फिरते, पण पाणी येत नाही : टाकीतली पातळी पाहावी. पाणी असेल तर फुटवॉल अडकला आहे किंवा ओढणाऱ्या पाइपात हवा आहे. मोटार बंद करून पंपात पाणी भरावे. भरलेले पाणी लगेच खाली उतरत असेल तर दोष फुटवॉलचाच.

२. मोटार घुमते, पण फिरत नाही : ताबडतोब बंद करावी. एका फेजवर चालणाऱ्या लहान मोटारीत बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो स्वस्तात बदलता येतो. तीन फेजच्या मोटारीत एखादा फेज गेलेला असतो. दोन फेजवर ढकलत राहिली तर वाइंडिंग जळते. बेअरिंग किंवा पंपातला पंखा जाम झाला तरी हेच लक्षण.

३. पाणी येते पण कमी : पंखा झिजला, जाळीत कचरा बसला किंवा कुठेतरी हवा ओढली जात आहे. तीन फेजच्या मोटारीचे वायरिंग नुकतेच झाले असेल तर मोटार उलटी फिरत नाही ना, हे आधी पाहावे. दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलटी फिरते. हे काम वायरमननेच करावे.

४. दांड्याजवळून पाणी ठिबकते : सील गेले. जुन्या पद्धतीच्या ग्लँडच्या पंपात दोरी भरलेली असते. तिथे थोडे थेंब पडणे योग्यच असते. सीलच्या पंपात मात्र एक थेंबही नको.

५. खरखर किंवा शिट्टीसारखा आवाज : बेअरिंग बोलते आहे. लवकर ऐकले तर स्वस्तात सुटते.

६. बटण वारंवार पडते : भार जास्त आहे किंवा वाइंडिंगमध्ये ओल शिरली आहे. बटण पडते म्हणजे ते आपले काम करते आहे. तारा थेट जोडून त्याचे तोंड बंद करू नये. आम्ही तसे केले होते. फळ वर सांगितलेच आहे.

दुरुस्ती की नवी?

या प्रश्नावर आमच्या सभेत दोन तास भांडण झाले. एक पक्ष म्हणे नवी घ्या, दुसरा म्हणे भरून घ्या. शेवटी आम्ही एक ठोकताळा ठरवला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल, किंवा मोटार आठ-दहा वर्षांची होऊन एकदा भरून झालेली असेल, तर नवी घ्यावी. त्याआधी सील, बेअरिंग, कंडेन्सर बदलून चालवावी. वारंवार वाइंडिंग भरलेली मोटार बहुधा पूर्वीपेक्षा जास्त वीज खाते, हेही ध्यानात ठेवावे.

वाइंडिंग भरून घेताना तार तांब्याचीच हवी असे सांगावे आणि बिलावर लिहून घ्यावे. ॲल्युमिनियमची तार भरून तांब्याचे पैसे घेणारेही भेटतात. मोटारीतून निघालेले जुने तांबे भंगारात विकले जाते. त्याची किंमत मजुरीतून वजा करायला सांगावी. बदललेले सुटे भाग परत मागावेत. शंका म्हणून नव्हे, रीत म्हणून.

नवी घेताना दुकानदार पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतो. आपण त्याला उंची सांगावी. आमच्या इमारतीचे उदाहरण घ्या. पाच मजल्यांचे प्रत्येकी ३ मीटर म्हणजे १५ मीटर. गच्चीवरचा चौथरा आणि टाकीची उंची ३ मीटर. खालच्या टाकीची खोली २ मीटर. झाले २० मीटर. पाइपातले घर्षण आणि वळणे यांसाठी पाचवा हिस्सा, म्हणजे ४ मीटर वाढवले. एकूण २४ मीटर. मग आपली मागणी अशी : "२४ मीटर उंचीवर मिनिटाला २०० लिटर पाणी देणारा पंप द्या."

इथे एक मेख आहे. पंपाच्या पत्र्यावर जास्तीत जास्त हेड ३० मीटर लिहिलेले असते. माणसाला वाटते, म्हणजे ३० मीटरवर पाणी पडेल. वास्तविक त्या उंचीवर पाणी जेमतेम पोचते, पडत नाही. म्हणून कंपनीच्या पत्रकातला तक्ता मागावा आणि आपल्या उंचीपुढे किती लिटर लिहिले आहेत ते पाहावे. आयएसआय चिन्ह पाहावे, पावती घ्यावी आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घालून घ्यावी. गरजेपेक्षा मोठी मोटार घेणेही नुकसानीचेच. किंमत जास्त, वीज जास्त.

आणखी एक. पंप जमिनीवरून पाणी ओढतो त्याला मर्यादा आहे. कागदावर ती सुमारे १० मीटर असली तरी व्यवहारात ७ मीटरच्या पुढे जाऊ नये. टाकी त्याहून खोल असेल तर बुडून चालणारी मोटारच हवी.

खड्ड्यातला पंप : मे महिन्यातच जागा करा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो. आमच्या तळमजल्यावरच्या सहा बिऱ्हाडांत छातीएवढे पाणी होते. धान्य, गाद्या, पोरांची पुस्तके आणि रेशन कार्डे, सगळे गेले. पुढच्या वर्षी वर्गणी काढून आवारातल्या सर्वांत सखल कोपऱ्यात पक्का खड्डा बांधला आणि त्यात अर्ध्या हॉर्सपॉवरचा उपसा पंप बसवला. दोन पावसाळे तो चालला. तिसऱ्या वर्षी मीटरच्या खोलीत पाणी शिरले तरी तो गप्प. पंपाला पाण्यावर तरंगणारा फ्लोट असतो. पाणी वाढले की तो वर येतो आणि पंप सुरू करतो. त्या फ्लोटच्या वायरीला दुधाची एक पिशवी गुंडाळली होती. पंपात कसलाच बिघाड नव्हता.

तेव्हापासून आमचा नियम असा : मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि जून लागण्यापूर्वी पुन्हा एकदा खड्ड्याची परीक्षा घ्यायची. मेन बंद करून दोराने पंप वर काढायचा. वायरीने कधीही ओढायचा नाही. खालची जाळी घासायची, खड्ड्यातला गाळ लांब दांड्याच्या फावड्याने वरूनच काढायचा. पंप गाळावर नव्हे, दोन विटांवर ठेवायचा. फ्लोट भिंतीला किंवा पाइपला अडकत नाही हे पाहायचे. मग सर्वजण दूर उभे राहून मेन चालू करायचे आणि कोरड्या जागी उभ्या असलेल्या माणसाने लांबून बादल्यांनी पाणी ओतायचे. फ्लोट वर आला की पंप आपोआप लागला पाहिजे, पाणी उतरले की आपोआप थांबला पाहिजे.

पंपाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह असावा. नाहीतर उपसलेले पाणी माघारी येते आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसत बसतो. पाणी पावसाच्या गटारात सोडावे, मैल्याच्या वाहिनीत नव्हे. ती भरली तर तळमजल्याच्या संडासातून घाण वर येते.

एवढे करूनही पंपावर सर्वस्वी विसंबू नये. मोठ्या पुरात बहुधा वीजच बंद होते. जनरेटर आणला तर तो उघड्यावर चालवावा. बंद खोलीत त्याचा धूर माणूस मारतो. तळमजल्यावरच्या कुटुंबांनी रेशन कार्ड, जातीचे दाखले, शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पावसाळाभर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या नातलगाकडे ठेवावेत. खालच्या टाकीच्या झाकणाला आवाराच्या वर हातभर कठडा बांधावा, म्हणजे पुराचे पाणी पिण्याच्या पाण्यात शिरणार नाही. शिरलेच, तर टाकी रिकामी करून, धुऊन, औषध टाकल्याशिवाय ते पाणी प्यायला घेऊ नये. नंतरही काही दिवस उकळूनच प्यावे.

त्या झाकणाला कुलूपही हवे. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या एका उद्यानातल्या पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान भाऊ दगावले. आपली पोरे आवारातच खेळतात.

वीज

पाणी आणि वीज एकत्र आली की चुकीला क्षमा नाही. मोटारीच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. साधा एमसीबी वायर वाचवतो. शॉक लागलेल्या माणसाला वाचवायला आरसीसीबीच लागतो. त्यावरचे परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे आणि वहीत नोंद करावी. अर्थिंग पक्के असावे. खड्ड्यातल्या वायरीला पाण्यात जोड नसावा. टेप गुंडाळून केलेला जोड पाण्याखाली टिकत नाही. मोटारीला हात लावण्यापूर्वी मेन बंद करावे, फ्यूज काढून खिशात घालावा आणि "काम चालू आहे" अशी पाटी लावावी. पायात रबरी चप्पल आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मीटरच्या खोलीत पाणी साचले असेल तर आत पाऊल टाकू नये. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

टाकीत माणूस उतरवायचा नाही

आता जी गोष्ट सांगायला आम्हाला संकोच वाटतो ती सांगतो.

मोटार भरून आली, बसवली, चालू केली. फिरली, पण पाणी येईना. फुटवॉल अडकला होता. तिसरा दिवस मावळला होता. सगळे त्रासले होते. सभेतले एक काका म्हणाले, "नाक्यावर गटार साफ करणारी पोरे बसतात. एकाला दोनशे रुपये द्या, खाली उतरून काढून देईल." पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर आम्हीही डोलावली.

आजी जिन्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या पोराला उतरवता का?"

कोणी बोलेना. आजींचे यजमान नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. गटारात उतरल्यावर माणूस कसा वर येतो आणि कधी येत नाही, हे त्या घराने पाहिले होते. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांच्या मागच्या पिढीने तेच काम केलेले. ते काम मागे टाकण्यासाठी आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकवले, आणि आपण मात्र दुसऱ्याच्या पोरासाठी दोनशे रुपयांचा भाव लावत होतो. आम्ही मान खाली घातली.

बंद टाकीतली हवा बाहेरच्यासारखी नसते. कुजणारा गाळ आणि गंजणारे लोखंड तिथला प्राणवायू खाते. विषारी वायूही साचतो. उतरणाऱ्याला वास येईलच असे नाही. तो नुसता खाली बसतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीची भूमिगत पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. ती मैल्याची नव्हे, पाण्याची टाकी होती.

गटार आणि सेप्टिक टाकीच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय तिथे माणूस उतरवायला बंदी आहे. हे बंधन फक्त नगरपालिकेवर नाही, खासगी माणसावरही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. पण पैशाने माणूस परत येत नाही.

मग फुटवॉल निघाला कसा? सकाळी प्लंबर आला. त्याने मोटारीजवळचा पाइप खोलला आणि दोघांनी मिळून अडीच मीटरचा पाइप फुटवॉलसकट झाकणातून वर ओढला. झडपेत एक सुतळीचा तुकडा होता. वीस मिनिटांचे काम. त्याच दिवशी आम्ही त्या जागी युनियन बसवून घेतले, म्हणजे पाइप पुन्हा केव्हाही खोलता येईल, आणि फुटवॉलला नायलॉनचा दोर बांधून त्याचे टोक वर आणून ठेवले. नवी टाकी बांधणाऱ्यांनी ही सोय पहिल्यापासूनच करावी. टाकी धुवायची असेल तर यंत्राने, वरून धुणारे ठेकेदार असतात. त्यांना बोलवावे. आणि कधी कोणी आत पडलाच तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा.

पैसा कुठून आणावा?

मोटार जळाल्यावर वर्गणी काढली की भांडणे होतात. ज्याच्या हाती त्या महिन्यात पैसा नाही त्याची चारचौघांत शोभा होते. म्हणून आम्ही मोटारीचे खाते वेगळे केले. घरामागे महिना २५ रुपये. चाळीस घरांचे १,००० रुपये आणि वर्षाचे १२,०००. त्यातून सील, बेअरिंग, वार्षिक तपासणी होते आणि शिल्लक नव्या मोटारीसाठी बँकेत राहते. नोंदणीकृत सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल जमा करण्याची तरतूद आहे. तो निधी तुमच्या सोसायटीत जमा होतो का आणि कुठे आहे, हे वार्षिक सभेत अवश्य विचारा. विचारणे हा सभासदाचा हक्क आहे. दर तीन महिन्यांनी जमाखर्च जिन्याखालच्या फळ्यावर लावावा. हिशेब दिसला की वर्गणी मागावी लागत नाही, लोक आपण होऊन आणून देतात.

आमची सध्याची मोटार नवी आहे. वहीची चौथी चाळीस पाने भरत आली. मागच्या हिवाळ्यात बारावीतल्या त्या मुलीने येऊन सांगितले, "काका, आठ दिवस झाले, ६० ची ६८ मिनिटे झालीत." मिस्त्रीला बोलावले. जाळीत शेवाळ बसले होते. साफ केले, पुन्हा ६१ मिनिटे. त्या दिवशी पाणी बंद झाले नाही, कोणाचा खाडा पडला नाही. बहुतेकांना काही झाले होते हे कळलेही नाही.

येत्या रविवारी चार जणांनी मिळून आपल्या मोटारीच्या खोलीत जावे. गळती पाहावी, आवाज ऐकावा, झाकणाचे कुलूप ओढून पाहावे, आणि एक वही खिळ्याला टांगून पहिली ओळ लिहावी. हे पान कापून तिच्या पहिल्या पानावर चिकटवले तर आमच्या लिहिण्याचे सार्थक होईल.